विकलेला हात

वर्गाच्या बंद दाराबाहेर उभा राहून तो हसला. अगदी खळखळून, तोंडावर हात दाबावा लागेल असं. आत कुणी मुलगी गोष्ट सांगत होती, बाहेरच्या भाषेत. बाहेरची म्हणजे या शहराची, दुकानांच्या पाट्यांची, बँकेची, बसमधल्या भांडणांची. घरात त्या भाषेला सगळे बाहेरचीच म्हणायचे, बाहेरची चप्पल म्हणावी तसं. मुलगी सांगत होती की एक माणूस इस्पितळात धावत येतो आणि खिडकीत बसलेल्या बाईला म्हणतो, माझ्या मुलीचा हात विकला आहे, लवकर बघा. मोडला आणि विकला या शब्दांत त्या भाषेत एका अक्षराचाच काय तो फरक. खिडकीतली बाई विचारते, कुणाला? तो माणूस छाती पुढे काढून म्हणतो, डॉक्टरांना. वर्ग हसून लोळत होता. मुलगी त्या माणसाचा आवाजही काढत होती, एकेक शब्द दगडासारखा उचलून पुढे ठेवत, शेवटच्या अक्षरावर उगाचच जोर देत. किती हुबेहूब, असं त्याच्या मनात आलं. कुणासारखं ते आठवेना, पण कुणासारखं तरी फार हुबेहूब. मग त्या मुलीनं त्या माणसाचं खाकरणं काढलं, दोनदा आखूड आणि एकदा लांब, आणि त्याचा हात तोंडावरून आपोआप खाली आला. खाकरणं त्याचं होतं. आवाज त्याचा होता. आणि मुलगी त्याची होती, ठकू.

दाराला वरच्या बाजूला काचेचा चौकोन होता. त्यातून त्यानं पाहिलं. ठकू फळ्यापुढे उभी होती, एक हात गळ्यात बांधल्यासारखा धरून, दुसरा हवेत फिरवत. इतकी जागा व्यापून उभी असलेली ठकू त्यानं कधी पाहिली नव्हती. घरात ती भिंतीच्या कडेकडेनं चालायची. जेवताना 'हो', 'नको', 'पुरे' एवढंच. तो समजत होता, पोरगी अबोल आहे, आपल्यावर गेली आहे. पाहुण्यांना सांगायचाही तसं, थोड्या अभिमानानं: आमची ठकू म्हणजे बोलायला मोजून शब्द घेऊन आलेली. आणि इथे ही कोण होती? भुवया नाचवणारी, हशा ओसरेपर्यंत थांबून नेमक्या क्षणी पुढचं वाक्य टाकणारी, एखाद्या मुरलेल्या नटासारखी. कोपऱ्यातल्या खुर्चीवर शिक्षक डोळे पुसत होते. आपली मुलगी आपल्या मागे दुसऱ्याच कुणाच्या घरी लहानाची मोठी झाली आणि आज अचानक काचेतून दिसली, असं काहीसं त्याला वाटलं. कारखान्यातली वीज गेली म्हणून मालकानं लवकर सोडलं होतं, तेव्हा सहज, पोरीला न्यायला जाऊ, तिला बरं वाटेल, म्हणून तो आला होता. कुणी बघायच्या आत तो जिना उतरला.

रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, भाजीवाला गाडा ढकलत होता, पण त्याला यातलं काहीच नीट दिसत नव्हतं. त्याला तो दिवस दिसत होता. या शहरात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ठकू लहान होती, नुकती बालवाडीत जायला लागली होती. बागेतल्या घसरगुंडीवरून पडली आणि तिचा हात कोपरापाशी भलत्याच बाजूला वळला. बायको कामावर. तो तिला उचलून धावला होता, तिचं डोकं आपल्या मानेत दाबून, आणि धावता धावता ते एकच वाक्य घोकत होता. तोवर या शहरात तो स्वतःहून कुणाशी बोललाच नव्हता, सगळीकडे बायकोच बोलायची. त्या दिवशी तो बोलला. बोलला आणि काम झालं, दारं उघडली, चाकाची खुर्ची आली, ठकूचा हात बसवला गेला. खिडकीतली बाई टेबलाखाली वाकली होती, तेव्हा त्याला वाटलं होतं, बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ठकू हुंदके देत म्हणत होती, "बाबा, बोलू नका ना, बाबा, बोलू नका." त्याला वाटलं होतं, कळा येताहेत, पोर बरळते आहे. पुढे कितीतरी वेळा, कधी नाउमेद झाला, कुणी तोडून बोललं की तो हा दिवस मनात काढून बघायचा. मी बोललो होतो. वेळ आली तेव्हा मी बोललो होतो. आणि आता त्या बाईच्या वाकलेल्या पाठीकडे त्यानं पुन्हा पाहिलं तर ती पाठ हसण्यानं गदगदत होती. पोरांना भाषा सर्दीसारखी लागते. त्या एवढ्याशा ठकूला तेव्हाच सगळं कळलं होतं. मोडक्या हातापेक्षा बापाच्या तोंडाचंच तिला जास्त दुखत होतं की काय.

त्याचं काम दातांचं होतं. कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून तोंडाचा साचा यायचा, तो प्लास्टरमध्ये ओतायचा, मेणाच्या हिरड्या बसवायच्या, त्यात एकेक दात रोवायचा, वरचा खालच्यावर नीट बसतो की नाही बघायचं, मग घासून, चमकवून पाठवून द्यायचं. जीभ दातांना कुठे टेकली की कोणता आवाज निघतो, हे त्याला बोटांनी माहीत होतं. पुढचे दात केसभर जरी पुढे आले तरी म्हातारा शिट्टी वाजवल्यासारखा बोलणार, हे तो मेण बघूनच सांगायचा. पण स्वतःची जीभ मात्र त्या जागी जायला तयार नव्हती. कानांचं तसं नव्हतं. कारखान्यात दिवसभर रेडिओ चालू असायचा, बाहेरच्या भाषेत. बातम्या, पुढाऱ्यांची भांडणं, फोन करून नवऱ्यांच्या तक्रारी सांगणाऱ्या बायका. वर्षानुवर्षं ते कानांवर पडून पडून एके दिवशी त्याच्या लक्षात आलं होतं की सगळं कळतंय. विनोदसुद्धा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. लपवलं असं नाही, कुणी विचारलंच नाही. बाबांना भाषा येत नाही, हे घरात कधीच ठरून गेलं होतं, जसं एखाद्याला गोड आवडत नाही हे ठरून जातं. त्यामुळे ठकू त्याच्या शेजारी बसून मैत्रिणींशी फोनवर बिनधास्त बोलायची. तोही वर्तमानपत्रात डोकं घालून ऐकत असायचा. फार नाही, वर्गातल्या चहाड्या, कुणाचं कुणाशी बिनसलं. त्याला ते ऐकायला आवडायचं. घरातली ठकू एवढी बोलत नसे. पण तो आवाज दबका असायचा, फोनवरचा. आजच्यासारखा नव्हता.

संध्याकाळी बायको पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ठकू खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. तो दारात उभा राहिला. "ठकू शाळेत माझी नक्कल करते," तो म्हणाला.

बायकोनं अभ्रा झटकला. "कोणती? हाताची?"

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुला माहीत आहे?"

"अहो, केव्हाची. तिच्या मैत्रिणींना पाठ आहे ती. वाढदिवसाला केली होती की इथेच, तुम्ही स्वयंपाकघरात सुरी शोधत होतात."

"आणि तू हसलीस."

"हसले. हसण्यासारखंच आहे ते." तिनं घडी हातानं दाबून सपाट केली. "एवढं काय त्यात? हसतील त्याचे दात दिसतील. आणि तुमचा तर धंदाच दातांचा." मग तिनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, पोर आहे. तिला कुठे कळतंय."

"आवाज माझा काढते. खाकरणं माझं काढते. तिला सगळं कळतंय."

तो खिडकीशी गेला. सुरी शोधत होतो तेव्हा, असं तो मनाशी म्हणत राहिला. त्या दिवशी बाहेर हशा झाला होता आणि मुलं किती मजेत आहेत म्हणून तोही आत एकटाच हसला होता. अशी आणखी किती हसणी असतील? प्रत्येक आठवण उलटी करून तिची शिवण बघावी लागणार होती. शेजारी जिन्यात भेटला की आधी हसतो आणि मग नमस्कार करतो, तो का? बायको त्याच्या वतीनं बोलते तेव्हा समोरच्याला आधी एक वाक्य हळूच सांगते, ते काय? छे, ते तर त्याला कळत असे, साधंच असे. पण कळत असूनही आता त्याचा भरवसा वाटेना. मुलीला दोन भाषांच्या शाळेत त्यानंच घातलं होतं. अर्धा दिवस आपल्या भाषेत, अर्धा बाहेरच्या. बायको पहिल्यापासून नको म्हणत होती. "एक ना धड, भाराभर चिंध्या" हे तिचं म्हणणं. पोर इकडच्या शुद्धलेखनात तिकडचे काने-मात्रे घालते, गणित एका भाषेत समजतं आणि परीक्षेत दुसऱ्या भाषेत विचारतात, जिथे राहायचं तिथली एकच भाषा पक्की करावी. तो म्हणायचा, दोन भाषा म्हणजे दोन घरं, पोरीला कधी उघड्यावर राहावं लागणार नाही. किती छान वाटायचं त्याला ते बोलताना. दोन घरं. आणि दोन घरांत दोन पोरी राहतात, त्यातली एक आपल्याला ओळखतसुद्धा नाही, हे कसं सुचलं नाही?

"पुढच्या वर्षीचं तू म्हणतेस तसं करू," तो खिडकीतूनच म्हणाला. "एकच भाषा ठेवू. बाहेरची."

बायको चकित झाली. "नक्की? वर्षभर तर भांडलात माझ्याशी. आणि तुमच्या वडिलांचं काय, ते फोनवर तिच्याशी..."

"ते किती दिवस बोलणार आहेत असे." बोलून गेल्यावर त्याला स्वतःचाच धक्का बसला. इतकं गार, इतकं सपाट वाक्य, आणि तेही आपल्या भाषेत, एका अक्षराचीही चूक न करता.

पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी मुख्याध्यापिकेची भेट त्याच आठवड्यात होती. बायकोला पाळी बदलून मिळाली नाही, म्हणून तो गेला. शाळा सुटली होती, ठकू दप्तर घेऊन दारातच थांबली होती. गेले काही दिवस तो तिच्याशी नीट बोलला नव्हता आणि तिला ते जाणवलंही नसावं, कारण तो तसाही फार बोलत नसे. या गोष्टीचंही त्याला वाईट वाटून घ्यायचं होतं, पण आधी हे एकदाचं संपवायचं होतं. सही करायची, निघायचं. मुख्याध्यापिका पोक्त बाई होत्या, पांढरे केस बारीक कापलेले, टेबलावर पाण्याचा तांब्याएवढा मोठा पेला. त्यांना फक्त बाहेरची भाषा यायची. त्यांनी ठकूला विचारलं, आईला जमलं नाही का, मग तू सांगशील ना बाबांना मी म्हणते ते? ठकूनं मान हलवली आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

मुख्याध्यापिका सावकाश, मोजून बोलल्या. तुमची मुलगी आमच्या भाषेत फार पुढे आहे, वर्गात तिच्या जवळपास कुणी नाही. पण अर्धा दिवस घरच्या भाषेत जातो आणि तिथे ती काठावर पास होते. बोलत नाही, लिहिते ते चुकतं. काही मुलांना दोन भाषांचा फायदा होतो, डोकं तरतरीत होतं, आम्ही ते रोज बघतो. हिच्या बाबतीत मात्र ती दुसरी भाषा ओझं झाली आहे. तो वेळ बाकीच्या विषयांना मिळाला तर ती कुठल्या कुठे जाईल. आमचा सल्ला, तिला त्या तुकडीतून काढा.

तो ऐकत होता. शब्द न् शब्द त्याला कळत होता. म्हणजे भांडायचीही गरज नव्हती, जे सांगायला आला तेच त्या म्हणत होत्या. आता ठकू हे आपल्या भाषेत सांगेल, आपण मान हलवायची, झालं. त्यानं ठकूकडे पाहिलं. ठकूनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. तिनं एकदा मुख्याध्यापिकेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि त्या घरातल्या बारीक आवाजात म्हणाली, "बाई म्हणतात, दोन्ही भाषा चालू ठेवा. त्यातच माझं भलं आहे म्हणतात." थोडं थांबून, गालात जीभ फिरवून तिनं पुढे जोडलं, "मी आपल्या भाषेत हुशार आहे म्हणतात."

खोलीतला पंखा, बाहेरच्या पटांगणावरची शिट्टी, सगळं दूर गेलं. ठकूच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ना भुवई हलली, ना आवाज. वर्गात शंभर चेहरे करणारी पोरगी खोटं बोलताना एकही चेहरा करत नव्हती. आणि ती खोटं बोलत होती ते या भाषेसाठी, जी तिला धड लिहिता येत नव्हती, जिच्यात ती काठावर होती, जिच्यात ती त्याला 'अहो बाबा' म्हणायची. बाहेरच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' एकच होतं. तिथे बाप, मैत्रीण, कुत्रं, सगळ्यांना तेच. त्याला रागवावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, त्यातलं आधी काय करावं हे कळेना. मुख्याध्यापिका त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या. ठकूही बघत होती. तिला फक्त एक मान हलवून हवी होती, पुढचं ती निभावून नेणार होती, त्याच्या नावावर त्या बाईंना काहीतरी सांगून.

तो खाकरला. ठकूचे खांदे आखडले. आणि तो बाहेरच्या भाषेत बोलला, मुख्याध्यापिकेकडे बघून, त्याच आवाजात, त्याच्याकडे दुसरा आवाजच नव्हता. "दोन्ही," तो म्हणाला. "माझी मुलगी, दोन्ही शिकेल."

ठकूच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "मी काय सल्ला दिला, ते तुम्हाला समजलं ना?" त्यांनी त्यालाच विचारलं.

"समजलं," तो म्हणाला. "सगळं."

सही कुठे केली, कशी केली, त्याला नंतर आठवेना. जिन्यात ठकू दोन पायऱ्या मागे होती. फाटकाबाहेर, सायकली लावायच्या जागेपाशी, तिनं त्याची बाही धरली. "बाबा. बाई काय म्हणाल्या ते तुम्हाला कळलं?"

"कळलं."

"मग मी जे सांगितलं..."

"तेही कळलं. खोटं का सांगितलंस?"

तिनं सायकलच्या घंटीवर बोट ठेवलं, वाजवली नाही. बराच वेळ तिला आपल्या भाषेतले शब्द सापडत नव्हते, ती एकेक उचलून बघत होती, ठेवत होती. अगदी आपल्यासारखी, असं त्याला वाटलं. "तिकडच्या वर्गात ना," ती म्हणाली, "मला सारखं हसवायला लागतं. नाही हसवलं तर विचारतात, आज काय झालं. आपल्या वर्गात कुणी काही विचारत नाही. तिथे गप्प बसलं तरी चालतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. म्हणजे ते काचेतलं, तो हवेत फिरणारा हात, ती जागा व्यापून उभी राहणारी ठकू, ते सुख नव्हतं? का सुखही होतं आणि दमणंही? त्याला विचारायचं होतं की मग माझाच हात का, म्हणजे तुझाच हात का, माझंच तोंड का. पण ते विचारण्याआधीच त्याला दिसलं की ठकूचा चेहरा बदलतो आहे. तिचे डोळे त्याच्यावर होते पण ती बघत होती मागे कुठेतरी. तिच्या मनात एकेक दार धाडधाड उघडत होतं, ते त्याला दिसत होतं, कारण गेले काही दिवस त्याच्या मनात तेच चाललं होतं. बैठकीच्या खोलीतले फोन. त्याच्या शेजारी बसून म्हटलेल्या गोष्टी. वाढदिवस.

"कधीपासून?" ती म्हणाली. आवाज जेमतेम निघाला. "कधीपासून कळतं तुम्हाला?"

"सगळं कुठलं," तो म्हणाला. "आजचं जरा कळलं. त्या हळू बोलत होत्या ना."

"फोनवरचं?"

"छे. फोनवरचं काय कळतंय."

तिनं ते ऐकलं. त्याला वाटलं, पटलं. ते चालायला लागले. त्यानं तिचं दप्तर खांद्यावर घेतलं, तिनं घेऊ दिलं. कोपऱ्यावरच्या बस थांब्याजवळ तिची वर्गातली एक मैत्रीण लांबूनच हात हलवत आली आणि बाहेरच्या भाषेत भडाभडा सुरू झाली, काय झालं, काय म्हणाल्या, काढलं का तुला. एरवी ठकू तिथेच, त्याच्या कोपराशी उभी राहून बोलली असती. आज तिनं मैत्रिणीला दंडाला धरलं आणि थांब्याच्या पलीकडच्या टोकाला, जाहिरातीच्या फळीमागे नेलं. तिथून एकदा वाकून तिनं त्याच्याकडे पाहिलं, तो किती लांब आहे त्याचा अंदाज घेतल्यासारखं. मग दोघींचे आवाज खाली गेले. वारा त्याच बाजूनं येत होता, एखादा शब्द अजूनही कानांवर येत होता. तो दप्तर सावरत आणखी थोडा पुढे गेला, रहदारीचा आवाज जिथे मोठा होता तिथे, आणि त्यांच्याकडे पाठ करून बसची वाट बघत उभा राहिला.